लॉ कॉलेजची ‘सीट ब्लॉक’ करून देणाऱ्यांपासून सावध

मुलीला वकील व्हायचंय आणि क्लॅटमध्ये, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत, रँक बेताचाच आलाय, एवढी माहिती कुणाच्या हाती लागली की तुमचा फोन वाजायला लागतो. आमचा डिसेंबरात निकाल लागल्याबरोबर वाजला. सराव परीक्षांसाठी मुलीने दिसेल त्या साइटवर नाव-नंबर भरला होता, त्यातूनच तो बाहेर गेला असावा असा माझा कयास. पलीकडचा माणूस प्रवेश मिळवून देणारा सल्लागार, गोड मराठी बोलणारा. “वहिनी, मी सावंतवाडीचा. फोंड्याला माझी मावशी असते, म्हणजे तुम्ही घरच्याच.” दिवसभर बँकांचे हिंदी फोन ऐकणाऱ्या माणसाला असं कोणी आपुलकीने बोललं की बरंच वाटतं. त्या माणसाचा अर्धा धंदा या गोडव्यावरच चालतो.

पणजीच्या ऑफिसात त्याने आमच्यासमोर एक रंगीत तक्ता ठेवला. कॉलेजचं नाव, फी, प्रवेशाची शक्यता, फोंड्याहून अंतर, असे रकाने. घरोघरी जेवणाच्या टेबलावर ज्या तीन गोष्टींवरून वाद होतात, पैसे किती, मिळणार का आणि पोर किती लांब जाणार, त्या तिन्हींची उत्तरं एका कागदावर. तो कागद अजून माझ्याकडे आहे. फीच्या रकान्यात १,१०,००० लिहिलंय आणि आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: ‘प्रति सत्र’. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दहा सत्रं असतात, म्हणजे नुसती फीच अकरा लाख. वसतिगृह, खानावळ, अनामत रक्कम याचा पत्ताच नाही. शिवाय ‘सनद नोंदणी पॅकेज’ म्हणून पंचवीस हजार वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच सांगितलंय की वकिलाच्या नोंदणीसाठी बार कौन्सिलांना खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. बरं, ही नोंदणी पदवी हातात आल्यावर करायची. पाच वर्षं आधी तिचे पैसे कशाला?

शक्यतेच्या रकान्यात ९० टक्के, ८५ टक्के असे आकडे होते. ते कशावरून काढले असं मुलीने विचारलं, तर म्हणाला, “अनुभवावरून, बाय.”

पण त्या तक्त्यात जे होतं त्यापेक्षा जे नव्हतं ते जास्त महत्त्वाचं. मिरामारचं साळगावकर कॉलेज त्यात नव्हतं. मडगावचं कारे कॉलेज नव्हतं. मुंबईचं सरकारी विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस ही नावंही नव्हती. विचारलं तर म्हणे, “गोव्यात राहून काय वकील होणार? एक्स्पोजर कुठाय?” हे सल्लागार पालकांकडून तर घेतातच, पण त्यांची खरी कमाई असते ती खाजगी कॉलेजं दर प्रवेशामागे देतात त्या कमिशनची. जे कॉलेज कमिशन देत नाही, ते यादीत येतच नाही. आपल्याला वाटतं हा दहा कॉलेजांची तुलना करून देतोय, आणि दहाही त्याच्याच दुकानातली असतात.

एक्स्पोजरचं म्हणाल तर आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी नंतर सांगितलेलं मला पटलं. मुलीला पुढे गोव्यातच वकिली करायची असेल तर इथला कौटुंबिक कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, नवरा-बायकोच्या मालमत्तेचे नियम वेगळे, वारसा वाटपाची कोर्टातली प्रक्रिया, म्हणजे इन्व्हेंटरी, वेगळी, मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची, प्रकरणं वेगळी. बाहेरच्या कॉलेजात हे कोण शिकवणार? इथे शिकताना पर्वरीला हायकोर्टात जाऊन बसता येतं, सुट्टीत एखाद्या सीनियरकडे काम करता येतं. त्या तक्त्यात अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजलेलं.

मग त्याने दुसरं गाजर काढलं. “महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एक, हायकोर्ट एक, मग कॉलेजमध्ये तुम्ही बाहेरचे कसे?” ऐकायला एकदम बरोबर. बार कौन्सिल खरंच एक आहे. पण महाराष्ट्राच्या सीईटीतून होणाऱ्या प्रवेशात गोव्याचा विद्यार्थी परराज्यातलाच धरला जातो आणि त्या जागा मोजक्याच असतात. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये खोटी तिसरी दडपून द्यायची, ही त्याची हातोटी.

पैसे कसे काढले तेही सांगते. “चांगल्या कॉलेजात एकच जागा राहिलीय, संध्याकाळपर्यंत दुसरे पालक येतायत.” सीट ब्लॉक करायला साठ हजार, प्रवेश झाला नाही तर पूर्ण परत. आमच्या ह्यांनी तिथूनच ट्रान्सफर केले. खातं कॉलेजचं नव्हतं, त्याच्या फर्मचं होतं. पावती दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आली आणि तिच्यात ‘सीट’ हा शब्दच नाही. ‘मार्गदर्शन शुल्क, ना-परतावा.’ ‘पूर्ण परत’ हे सगळं तोंडी, पावतीवर बरोबर त्याच्या उलट. ‘व्हेरिफिकेशन’साठी म्हणून मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिकाही त्याने ठेवून घेतली.

पुढे महिन्याभराने नवीन टूम. “गल्फमध्ये कोणी आहे?” गोव्यात हा प्रश्न कुठल्याही घरात चालतो. माझे दीर मस्कतला आहेत म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. त्यांच्या व्हिसाची प्रत आणा, एनआरआय प्रायोजित कोट्यातून, म्हणजे परदेशातल्या भारतीय नातेवाइकाच्या नावावर मिळणाऱ्या जागेवर, मोठ्या विद्यापीठात बसवतो. आणि दीर कागद द्यायला तयार नसतील तर? “प्रायोजक मी मिळवून देतो, तेवढं वेगळं लागेल.” म्हणजे भाड्याचा काका. सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबच्या वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लांबच्या नातेवाइकांना एनआरआय कोट्यात घुसवण्याला सरळ फसवणूक म्हटलं होतं. खोट्या नात्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही आपली असते, एजंटची नाही. प्रवेश रद्द होतो तो मुलीचा. दिरांनी मस्कतहून फोनवरच त्याला चार शब्द ऐकवले.

त्यानंतर मी तेच करायला बसले जे असे लोक तुम्हाला करू देत नाहीत. कॉलेजच्या अधिकृत साइटवरचा नंबर शोधून फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “सीट ब्लॉकिंग असं आमच्याकडे काही नसतं, मॅडम. फॉर्म ऑनलाइन भरा, जागा बऱ्याच आहेत.” साठ हजार घेऊन त्याने आम्हाला जी जागा विकली होती, ती कुणालाही फुकट मिळत होती!

हा सगळा धंदा असाच चालतो. शंभर जणांकडून आगाऊ घ्यायचे, करायचं काहीच नाही. ज्यांची मुलं स्वतःच्या गुणांवर लागतात, ते पेढे घेऊन येतात. उरलेल्यांना तो पावती दाखवतो.

गुणपत्रिका मागायला गेलो तर उरलेली ‘फी’ भरा म्हणाला. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार कॉलेजलासुद्धा परवानगी नाही, मग हा कोण? पोलिसांत जातो म्हटल्यावर कागद मिळाला, पैसे नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पण तो कामाला येतो पैसे गेल्या गेल्या, रक्कम खात्यात असेपर्यंत. आमचे पैसे जाऊन कितीतरी आठवडे उलटले होते. मग फोंडा पोलिसांत लेखी तक्रार दिली आणि मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी. तिथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि एजंट कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. त्यामुळे कोणाचे गेल्या वर्षी गेले असतील तर अजून वेळ गेलेली नाही. पावती, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे मेसेज काही डिलीट करू नका. रागाच्या भरात त्याला ब्लॉकही करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. त्याने दिलेला रंगीत तक्ता असेल तर तोही जोडा, आमच्या तक्रारीत चांदणीचं ते पान पहिलंच लावलंय.

आणि एजंटने नाही, कॉलेजनेच फी अडवली असेल तर ते प्रकरण निराळं. त्यासाठी यूजीसी दर वर्षी परताव्याच्या तारखा जाहीर करते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत, असं होतं. चालू वर्षाच्या तारखा पैसे भरण्याआधीच बघून ठेवा. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का तेही कौन्सिलच्याच साइटवर तपासा, माहितीपत्रकावर नाही. मान्यता ठरावीक मुदतीची असते, तेव्हा पत्र अगदी ताजं मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठा.