मापे निरनिराळी, साठा एक: स्नॅपरेड आणि मर्जरएफएसचा काही महिन्यांचा अनुभव

गोव्यातील फोंडा तालुक्यातील देवळांच्या कालोत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांची चित्रीकरणे साठवण्यासाठी मी २, ४, ८ आणि ८ टेराबाइटच्या चार डिस्क एका जुन्या संगणकात एकत्र चालवत आहे. त्यासाठी स्नॅपरेड (डिस्क बिघडल्यास तिच्यावरील फायली परत मिळवून देणारी प्रणाली) आणि मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच साठा म्हणून दाखवणारी प्रणाली) वापरतो. बेरीज २२ होते. परंतु कोणतीही एक डिस्क गेली तरी काही हरवू नये, अशी अट घातली की हाती येणारी जागा पद्धतीगणिक बदलते.

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून मजकूर सुरक्षित ठेवण्याची पद्धत. साध्या रेड-५ मध्ये प्रत्येक डिस्कचा सर्वांत लहान डिस्कइतकाच भाग वापरात येतो, त्यामुळे येथे केवळ ६ टेराबाइट मिळाले असते. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल प्रणालीच्या रेड-१ मध्ये प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती राहतात, म्हणजे ११. साठवण-यंत्रे बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीची हायब्रिड रेड डिस्कचे थर पाडते: चारही डिस्कच्या पहिल्या २ मधून ६, उरलेल्या तिघींच्या पुढच्या २ मधून ४ आणि दोन मोठ्या डिस्कच्या शेवटच्या ४ मधून ४, असे १४. मी वापरत असलेल्या स्नॅपरेडमध्ये ८ ची एक डिस्क पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरील मजकूर पुन्हा उभारण्यासाठीच्या गणिती नोंदीला, जाते आणि १४ च उरतात.

तरीही स्नॅपरेड घेतले, कारण प्रत्येक डिस्कवर नेहमीचीच फाइल प्रणाली असते. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरील नाटके कोणत्याही लिनक्स संगणकावर उघडतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हा दिलासा लहान नाही. मात्र पॅरिटी स्नॅपरेडची 'सिंक' ही आज्ञा चालवल्यावरच अद्ययावत होते. तोवर नवी फाइल असुरक्षित असते, आणि मधल्या काळात एखादी जुनी फाइल पुसली तर दुसऱ्या डिस्कची पुनर्बांधणीही अपुरी राहू शकते. रोज बदलणाऱ्या हिशेबाच्या फायलींसाठी ही पद्धत मी सुचवणार नाही.

पडद्यावर १४ ऐवजी १२.७३ दिसतात, कारण डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, तर लिनक्स १०२४ च्या. शिवाय ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली मूळ मांडणीत ५ टक्के जागा राखून ठेवते. ही राखीव जागा पॅरिटीच्या डिस्कवरून काढून टाकावी, पण डेटाच्या डिस्कवर थोडी असू द्यावी. स्नॅपरेडचा ठोकळा (पॅरिटी मोजण्याचा सर्वांत लहान तुकडा) २५६ किलोबाइटचा असल्याने दर फाइलमागे पॅरिटीत सरासरी अर्धा ठोकळा वाया जातो आणि लाखभर फायलींना सुमारे १३ गिगाबाइट जादा लागतात. नाटकांच्या मोजक्या, अवजड फायलींना याची झळ जवळजवळ लागत नाही. छायाचित्रांच्या संग्रहाला लागेल.

मर्जरएफएस दाखवते ती रिकामी जागा सर्व डिस्कची मिळून असते, पण एक फाइल दोन डिस्कवर विभागली जात नाही. म्हणून नवी फाइल सर्वाधिक मोकळ्या डिस्कवर जावी असे धोरण ठेवले आहे.

आता २ ची डिस्क बदलायची आहे. पणजीच्या दुकानदाराने १६ ची सुचवली, परंतु सर्वांत मोठी डिस्क पॅरिटीला द्यावीच लागते: ४, ८, ८ आणि १६ मधून २० मिळतात, तर ४ आणि तीन ८ मधूनही २० च. जादा ८ टेराबाइटचा उपयोग दुसरी १६ ची डिस्क येईपर्यंत शून्य, आणि ती लवकर घेण्याचा माझा विचार नाही. त्यामुळे ८ चीच घेत आहे.