ओळंबा की कथील? बीडीबी हिब्रू कोश आठ महिने वापरल्यावर

कोश घेतला तो एका शब्दासाठी. मंडळीच्या अभ्यासगटात जुन्या करारातल्या आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायावर बोलायची पाळी माझी होती, आणि मराठी बायबलातला ‘ओळंबा’ मला फारच सोयीचा वाटत होता. घराचं काम चालू असताना आमचे गवंडीकाका दोरीला लोंबणारं ते वजन भिंतीलगत सोडायचे आणि एक डोळा मिटून बघायचे, ते अजून आठवतं. प्रभू भिंतीपाशी उभा, हातात ओळंबा, आणि यराबाम राजाचं इस्राएल ओळंब्यातून सुटलेलं. उपदेश तयारच होता. मूळ शब्द एकदा पाहून घ्यावा, एवढ्यासाठी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज या तिघांचा हिब्रू-इंग्रजी कोश, म्हणजे बीडीबी, मागवला.

वस्तू म्हणून सांगायचं तर अकराशेवर पानं, दोन रकाने आणि डोळे फोडणारा बारीक टाइप. संक्षेपांची यादी पहिले दोन महिने अंगठा घालूनच ठेवावी लागते. माझ्या प्रतीची बांधणी चौथ्या महिन्यात मधोमध उकलली, ती बाइंडरकडून शिवून घेतली.

खरी कसोटी रचनेची आहे. शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, धातूनुसार आहेत. संस्कृत शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही, पण हिब्रूत धातूतली अक्षरं गळतात. ‘मत्ताना’ म्हणजे देणगी, तर ती ‘म’मध्ये नाही, ‘नातन’ (देणे) या धातूखाली. अरामी शब्दांचा विभाग वेगळा, शेवटी. माझ्या आवृत्तीत स्ट्राँगचे क्रमांक (बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला ठरावीक आकडा) छापलेले आहेत म्हणून तरलो.

तर तो शब्द: अनाख. अख्ख्या जुन्या करारात फक्त चार वेळा येतो, तोही आमोस ७:७-८ या दोनच वचनांत. कोशातली नोंद अगदी छोटी. अर्थ ‘ओळंबा’, आणि सोबत कंसात ‘अनाकू’ या अश्शूरी (प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेतल्या) शब्दाशी तुलना; ते तांब्या-लोखंडासारख्या एका धातूचं नाव. मी अर्थ टिपून घेतला, तुलना सोडून दिली. तिथेच चुकलो, आणि ते कळायला तीन महिने गेले.

कोश पुरा झाला १९०६ साली. ‘अनाकू’ म्हणजे शिसं असं तेव्हा मानलं जाई, आणि शिशावरून शिशाचं वजन, वजनावरून ओळंबा, अशी साखळी छान जुळत होती. १९६५मध्ये बेन्नो लांड्सबर्गर या अश्शूरविद्येच्या अभ्यासकाने दाखवलं, की ते शिसं नव्हे, कथील. अश्शूरचे व्यापारी गाढवांवर लादून अनातोलियातल्या कानेशला न्यायचे तेच, तांब्यात मिसळून कांसं करायचं. आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात फिरवतो तेच. मूळ वचनात भिंतही ‘अनाख’ची आणि देवाच्या हातातही ‘अनाख’; आता कथलाची भिंत आणि देवाच्या हातात कथील, याचं काय करायचं? दिसायला चकचकीत पण मऊ भिंत? की शस्त्रांचा कच्चा माल? दोन्ही मतं मांडणारे आहेत.

कथीलवाल्यांचं मला बरंच पटतं, पण त्यांचीही अडचण आहे. कथलाला हिब्रूत ‘बदील’ हा शब्द असताना आमोस परका शब्द का वापरेल? ओळंबावाल्यांना हाच प्रश्न उलटा विचारता येतो: यशया २८:१७मध्ये ओळंब्याला ‘मिश्कोलेत’ म्हटलंय, ते इथे का नाही? गंमत म्हणजे जखऱ्या ४:१०मध्ये शब्दशः ‘बदीलचा दगड’ आहे आणि भाषांतरकार तिथेही ओळंबा लावतात! प्राचीन भाषांतरकारही चाचपडतच होते. ग्रीक भाषांतरात वज्रासारखं कठीण ‘अदामास’, लॅटिनमध्ये गवंड्याची थापी.

माझा कल तिसरीकडे झुकलाय. ‘अनाख’ कानाला ‘अनाखा’ म्हणजे उसासा आणि ‘आनोखी’ म्हणजे मी, या दोन्हींच्या जवळ पडतो. पुढच्याच दृष्टान्तात (८:१-२) ‘कायित्स’ म्हणजे उन्हाळी फळं, आणि लगेच ‘केत्स’, म्हणजे शेवट. आमोस कानाने खेळतोय. नेमकं हेच या कोशात हाती लागत नाही, कारण ‘कायित्स’ एका धातूखाली आणि ‘केत्स’ दुसऱ्या. धातूंच्या कप्प्यांत उच्चाराची नाती तुटतात. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

दुसरी तक्रार वयाची. सीरियातल्या उगारित या प्राचीन शहराचं उत्खनन १९२९चं, मृत समुद्राजवळच्या जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडल्या १९४७ला. त्यातलं काही इथे असणार कसं? तरी सगळ्या वचनांच्या नोंदी, रूपं, भगिनीभाषांतले शब्द एका जागी मिळतात, म्हणून रोज उघडतो. फक्त आता आधी कंस वाचतो, मग अर्थ.

अभ्यासगटात शेवटी मी ‘अनाख’ तसाच ठेवून वचन वाचलं. दोघे-तिघे नाराज झाले, ओळंबा बरा होता म्हणाले.

घ्यायचा का? हिब्रू लिपी वाचता येत नसेल तर नको, नुसता अर्थ उचलाल आणि माझ्यासारखे फसाल. येत असेल तर जरूर, पण जोडीला एखादा अलीकडचा कोश हवाच. स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, नेटवर फुकट वाचता येतो. कागदी प्रत हवीच असेल तर दुकानात जाऊन मधोमध उघडून बघा, पाठ कडकड वाजली तर ती ठेवून दुसरी मागा.