मीटरच्या काचेआड साचलेले बाष्प : वाळवावे, उघडावे की बदलावे?

जुलैचा पहिला आठवडा सरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या उघड्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी मोटारसायकलींच्या मीटरची काच आतून धुरकट दिसू लागते. अशा वेळी मालकापुढे तीन वाटा असतात : मीटर न उघडता वाळवणे, उघडून पुन्हा सील करणे किंवा नवे बसवणे. बहुतेक जण आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी ओल कोणत्या मार्गाने आत शिरली ते पाहावे, कारण तिन्ही उपायांचे यशापयश त्यावरच ठरते.

मीटर हवाबंद नसते. आतली हवा तापली की बाहेर पडावी आणि थंड झाली की परत आत यावी, यासाठी त्याला सहसा खालच्या बाजूला एक बारीक छिद्र किंवा हवा जाऊ देणारी पातळ चकती असते. दुपारच्या उघडिपीत तापलेल्या मीटरवर अचानक सर कोसळली, की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये 30 अंश सेल्सिअसला सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, तर 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम. उरलेले बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, बसते. आता मीटरच्या आत अर्धा लिटर हवा आहे असे धरले, तर 30 अंशांना तिच्यात जास्तीत जास्त 15 मिलिग्रॅम पाणी असेल. पाण्याचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅमचा असतो. त्यामुळे काचेवर नुसते पातळ धुके येऊन गाडी चालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात विरत असेल, तर ते मीटरच्या ‘श्वासोच्छ्वासाचे’ धुके समजावे. पण थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हलताना दिसत असेल किंवा डायलवर मातकट रेघ उमटली असेल, तर पाणी थेट कुठून तरी गळून आत येत आहे. जुन्या मीटरमधला तारेचा बल्ब आतली हवा थोडी तापवून हे धुके घालवायला मदत करत असे. एलईडीची ऊब तेवढी नसते, म्हणून नव्या गाड्यांमध्ये धुके अधिक रेंगाळलेले दिसू शकते.

पहिल्या प्रकारात न उघडता वाळवणे पुरेसे आहे. गाडी उन्हात उभी करण्याचा सल्ला सगळेच देतात, परंतु छिद्र चिखलाने किंवा किड्यांच्या घरट्याने बुजलेले असेल तर दिवसा काचेवरून उडालेले पाणी आतच राहते आणि रात्री परत काचेवर बसते. छिद्र मऊ ब्रशने साफ करावे, बॅटरीची वायर काढून मीटर सोडवावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत) दोन-तीन दिवस ठेवावे. हेअर ड्रायर जवळून मारू नये. डिजिटल पडद्यावरची फिल्म आणि प्लॅस्टिकची काच दोन्ही उष्णतेने बिघडतात. तांदळाच्या डब्यात मीटर पुरण्याचा घरगुती उपाय संथ आहे आणि त्याची पूड छिद्रातून आत जाते.

सिलिका जेलची पुडी कायमची मीटरमध्येच ठेवावी का, असे अनेक जण विचारतात. दोन ग्रॅमची पुडी अंदाजे अर्धा ग्रॅम पाणी, म्हणजे दहाएक थेंब, शोषते. श्वासोच्छ्वासाच्या धुक्यासाठी ती बरेच दिवस पुरते, पण गळती असेल तर ताम्हिणी घाटातल्या एका पावसाळी फेरीत तिची क्षमता संपते.

गळतीला उघडून सील करणे हाच इलाज आहे, आणि तो मी स्वतः केलेला असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एका वॉशिंग सेंटरवर माझ्या गाडीच्या मीटरवर जोराच्या पाण्याचा फवारा समोरून मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी काचेआड थेंब दिसू लागले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी मीटरचे स्क्रू काढले, तेव्हा काच आणि मीटरच्या खोक्यामधला सांधा बंद करणारे काळे रबरी गॅस्केट वाळलेल्या सुतळीसारखे कडक आणि चपटे झालेले आढळले. दोन स्क्रूंच्या मधोमध केसाएवढी बारीक मातीची रेघ बाहेरून आत गेलेली होती. पाण्याची वाट ती होती. नवे गॅस्केट मिळत असेल तर तेच बसवावे, त्यासाठी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात विचारून पाहावे. न मिळाल्यास सिलिकॉन सीलंट चालते, मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे नको, कारण त्यातून सुटणारे आम्ल आतल्या तांब्याच्या भागांना गंज चढवते. ‘न्यूट्रल क्युअर’ (म्हणजे असे आम्ल न सोडता सुकणारे) लिहिलेले घ्यावे, पातळ धार लावावी आणि चोवीस तास हात लावू नये. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच पांढरट होते, आणि पेट्रोल वा थिनरने प्लॅस्टिकच्या काचेला तडे जातात. सर्वांत मोठी चूक म्हणजे भरवशासाठी ते छिद्रही सीलंटने बंद करणे. त्यामुळे थंड होणारे मीटर प्रत्येक कमकुवत सांध्यातून पाणी ओढू लागते.

धातूची कड दाबून बसवलेली जुनी मीटरे आणि चिकटवून बंद केलेली डिजिटल कन्सोल मात्र घरी उघडू नयेत. पहिल्यांची कड वाकली की परत पाणी रोखत नाही, दुसऱ्यांच्या बाबतीत काच किंवा पडदा तुटण्याचा धोका असतो.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरकडे जावे. धुके दुपारपर्यंत विरून जाते, म्हणून सकाळीच तारखेसह दोन-चार फोटो काढून ठेवावेत. वॉरंटीबाहेर, स्वखर्चाने मीटर बदलणे मला दोनच परिस्थितींत योग्य वाटते : आतल्या तांब्यावर हिरवट थर चढलेला असेल, किंवा डिजिटल आकड्यांचे दिसेनासे झालेले भाग मीटर वाळवूनही परत दिसत नसतील. नव्या मीटरवर किलोमीटर बहुधा शून्यापासून सुरू होतात, तेव्हा जुना आकडा बिलावर लिहून घ्यावा. गाडी विकताना तो कागद लागतो.

वेळेचाही विचार हवा. जुलैच्या दमट हवेत उघडलेले मीटर लवकर वाळत नाही, तर पुण्यातली एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते की तेव्हा उघडलेल्या मीटरचे भाग आणि सांधे सहज वाळतात. म्हणून आता नुसते धुके असेल, तर डब्यातल्या सिलिका जेलवर पावसाळा काढून मीटर उघडून गॅस्केट तपासण्याचे काम एप्रिलपर्यंत लांबवता येते. गळती असेल तर थांबू नये. दुरुस्ती होईपर्यंत पावसात मीटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी चालेल, फक्त पाऊस थांबल्यावर ती काढावी, कारण पिशवीखाली अडकलेली वाफ त्याच छिद्रातून आत जाते.