चियांग माईत आठ महिने : खोली झकास, पण युनिटला ८ बाट?

थायलंड स्वस्त आहे का, व्हिसा कसा मिळतो, याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ते परत दळत बसत नाही. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला २८ वर्षं काढली, ५४व्या वर्षी व्हीआरएस घेतली आणि गेल्या ऑक्टोबरात इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं इथे आलो. खर्च कमी, सामान कमी, गाडी नाही, असा बेत. आज लिहायला बसलोय ते मात्र विजेच्या बिलामुळे.

बिल्डिंगमधली ३२ चौरस मीटरची खोली, भाडं ९ हजार बाट. बाटाला मी पावणेतीन रुपये धरतो. वीज युनिटला ८ बाट. हे करारात लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण हातात चार बॅगा असताना कोण भांडतो? इथला सरकारी दर ४च्या आसपास आहे. मधले ४ बिल्डिंगवाल्याच्या खिशात. रुपयांत काढलं तर युनिटला २२! महावितरणच्या बिलावरचा स्थिर आकार आणि वहन आकार बघून मी जन्मभर कुरकुर केली. ती आता मागे घेतो.

आधी वाटलं, मीटरच पळतो. फ्रिजचा प्लग काढला, सगळं बंद केलं आणि १००० वॅटची शेगडी बरोबर अर्धा तास चालवली. कॉरिडॉरमध्ये मीटरसमोर मोबाइल धरून उभा होतो.

“अहो, आत या आता, लोक बघतायत.”

“बघू देत. अर्धा युनिट पडायला पाहिजे.”

अर्धाच पडला. मीटर प्रामाणिक निघाला, म्हणजे तक्रारीला जागाच उरली नाही. ते जास्त लागलं.

बाकी गोष्टी भरभर सांगतो, कारण त्या चांगल्या आहेत. लाल सोंगथेव, म्हणजे आपली काळी-पिवळीच, पण समोरासमोर बाकं असलेली. शहरात ३० बाटांत सोडते. नळाचं पाणी पीत नाहीत, पण गल्लीच्या तोंडाशी नाण्याचं मशीन आहे, लिटरला साधारण १ बाट, कॅन आपला न्यायचा. गंगापूर धरणाचं पाणी प्यायलेल्या माणसाला पाण्याचे पैसे द्यायला जड जातं, तरी बाटल्या विकत घेण्यापेक्षा बरं. जेवणात फिश सॉस सगळीकडे. त्यावर उपाय म्हणजे ‘जे’ असं लिहिलेली पिवळी पाटी शोधायची. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणसुद्धा नाही. बायको म्हणते, बारा महिने चातुर्मास. एकच गोष्ट खटकते : नाशिकला घंटागाडीमुळे ओला-सुका वेगळा करायची सवय हाताला लागलेली, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळा कचरा एकाच पिंपात.

नोव्हेंबर ते जानेवारी हवा अशी, की पंखासुद्धा लागत नाही. महिन्याला ७० युनिट. इथवरचं बरंचसं मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी चार तारे दिले होते.

त्यातला एक तारा फेब्रुवारीतच गेला. मक्याची धाटं जाळतात, डोंगरात वणवे लागतात, म्यानमारकडूनही धूर येतो, आणि शहर डोंगरांच्या वाटीत असल्यामुळे तो हलतच नाही. खिडकीतून दोई सुथेप डोंगर रोज दिसायचा, तो मार्चमध्ये कितीतरी दिवस दिसलाच नाही. म्हसरूळला राहून चामरलेणी दिसू नयेत, तसं. खिडक्या बंद, हवेचा प्युरिफायर दिवसभर, उकडतं म्हणून एसी. पर्यावरणाला भार नको म्हणून गाडी सोडून आलेला माणूस मार्चमध्ये ३१० युनिट जाळून बसला! बिल २,४८० बाट, म्हणजे ६,८२० रुपये. धुराने घसा बसला होता, तरी मी आकडा ओरडूनच वाचला.

मॅनेजरबाईंना भाषांतराचं ॲप पुढे धरून विचारलं. त्यांनी हसून करारातली ओळ दाखवली आणि दोन आंबे दिले. आंब्यांवर भांडण मिटवायची ही पद्धत मला अजून कळलेली नाही. खाल्ले मात्र.

मे महिन्यात शहराबाहेर एक जुनं घर घेतलं, तेवढ्याच भाड्याचं. मीटर स्वतंत्र, बिल थेट वीज कंपनीचं. करार वर्षाचा होता, तो मोडला म्हणून दोन महिन्यांचं डिपॉझिट, १८ हजार बाट, बुडालं. पहिलं बिल पत्रपेटीत आलं : ९४ युनिट, ३९१ बाट. त्यावरही इंधन समायोजनाची ओळ आणि वर ७ टक्के व्हॅट आहे, पण का कोण जाणे, राग आला नाही. सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवर बारकोड दाखवून भरलं.

बायकोने तिथेच हिशेब केला. “८च्या दराने ७५२ झाले असते. महिन्याला ३६१ बाट वाचले. डिपॉझिट फिटायला पन्नास महिने.”

खरं तर तिचा दुसरा हिशेब जास्त झोंबणारा आहे. पन्नाशीनंतरच्या रिटायरमेंट व्हिसाची मुदत इथे बँकेतल्या पैशावर वाढवायची तर ८ लाख बाट ठेवावे लागतात : अर्जाआधी दोन महिने, नंतर तीन महिने, आणि पुढेही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे २२ लाखांची एफडी मोडली. पाठवताना १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापते तो कर, कापला गेला, २ लाख ४० हजार; रिटर्न भरल्यावर मिळेल, पण तोवर अडकलाय. एफडीला ७ टक्के धरले तरी महिन्याला १२-१३ हजार रुपये व्याज गेलं. कुठल्याच व्हिडिओत हे मांडलेलं नव्हतं. निघण्यापूर्वी हा आकडा भाड्यात मिळवा, मग स्वस्त-महाग ठरवा. मी मिळवला नव्हता. पण खरं सांगतो, त्या १२ हजारांपेक्षा अजूनही युनिटचे ४ बाटच जास्त सलतात. व्याज कुणी डोळ्यांदेखत काढून नेलं नाही.

आता तीन तारे. पुढच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल दिंडोरीला भावाकडे. तेव्हा इथे धूर असतो आणि तिकडे द्राक्षं. जाण्याआधी १,००० बाटांचं री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायचा परवाना, घ्यायला विसरायचं नाही, नाहीतर मुदतवाढ रद्द होते. विमानाच्या दोन फेऱ्या वाढल्या, त्यांच्या धुराचा हिशेब लेकीने विचारलाय, अजून दिलेला नाही.

आणि निघताना मेन स्विच पाडून मीटरचा फोटो काढणार.