म्हापशातलं १२ व्होल्टचं इन्व्हर्टर किट: माल बरा, फ्यूज गायब

किटमध्ये सीडी४०४७ (ठरावीक वेगानं चालू-बंद सिग्नल देणारी ऑसिलेटर चिप), दोन आयआरएफझेड४४एन मॉसफेट (त्या सिग्नलवर चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि ५ अँपिअरचा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर. चिपची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फिल्मचा दिलाय, सिरॅमिकचा नाही. त्यामुळे गरम झाल्यावर फ्रिक्वेन्सी फारशी सरकत नाही. ३९ किलोओहमच्या रेझिस्टरला १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये जोडून एकूण साडेपंचेचाळीस किलोओहमवर आणा, ५० हर्ट्झ मिळतात.

पण मॉसफेटच्या गेट (सिग्नल घेणारी पिन) आणि सोर्स या पिनांमध्ये १० किलोओहमचे रेझिस्टर नाहीत! ऑसिलेटरची वायर सुटली तर गेट अधांतरी राहतं आणि मॉसफेट जळतो. बॅटरीच्या प्लसजवळ १० अँपिअरचा फ्यूजही स्वतःच घाला. ६० वॅटपुढे ताणू नका. याच्या स्क्वेअर वेव्हवर (चौकोनी लहरीच्या विजेवर) पंखा घूंघूं आवाज करतो, एलईडी बल्ब चालतात. गोव्यातल्या पावसाळी, खारट हवेसाठी बोर्डावर वॉर्निश हवंच. आउटपुटला २३० व्होल्ट असतात, उघड्या पेटीत हात नको.