३०० रुपयांचा वजनकाटा आणि दुपारचं ताट

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आता २०० ते ५०० रुपयांत कुठेही मिळतो. सगळीकडे दिसतो तो एसएफ-४०० या नावाचा, पांढऱ्या प्लास्टिकचा आणि गोल तबकडीचा. विक्रेते त्यावर आपापलं नाव छापतात, आतलं यंत्र बहुतेक वेळा तेच असतं. क्षमता १० किलो, फरक १ ग्रॅमपर्यंत दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. केक करणाऱ्यांसाठी तो बरा आहे हे सगळेच सांगतात. वजन उतरवायचं असलेल्या माणसाला दुपारच्या पोळी-भाजीसाठी तो किती कामाचा आहे, एवढंच इथे पाहू. निकाल आधीच सांगून टाकायचा तर कच्चा शिधा आणि तेल मोजायला जरूर घ्यावा. वाढलेलं ताट मोजायला घेणार असाल तर पैसे वाचवा.

कारण साधं आहे. शिजलेल्या अन्नाच्या वजनात पाणी किती, हे काट्याला कळत नाही. १०० ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात अडीचशे ग्रॅम होतो, तसा तीनशेही होतो. तांदूळ कोणता आणि पाणी किती घातलं त्यावर ते ठरतं. वरणाचं तर विचारूच नका. वाटीभर पातळ वरणात बऱ्याच घरी १५-२० ग्रॅमच डाळ असते, म्हणजे प्रथिनं जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम. तीच वाटी घट्ट वरणाची असेल तर डाळ ३० ग्रॅमपर्यंत जाते. काट्यावर दोन्ही वाट्या जवळपास सारख्याच भरतात. ॲपमधली ‘१ वाटी’ही यातून सोडवत नाही, कारण आपल्या घरांत १०० मिलिलिटरपासून २५० मिलिलिटरपर्यंतच्या सगळ्याच भांड्यांना वाटी म्हणतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही मापं कच्च्या वजनाचीच आहेत. साधारण २००० कॅलरींच्या दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप. याचा तिसरा हिस्सा दुपारचा धरला तर धान्य ८० ग्रॅमच्या आसपास, कडधान्य २८-३०, भाजी १३० आणि तेल ९ ग्रॅम येतं. वजन कमी करायचं असेल तर यातली कात्री धान्याला आणि तेलाला लावायची. धान्य ६० ग्रॅमवर आणा, कडधान्य उलट ४० करा, भाजी १५० ते २०० करा. डाळ-उसळ कापून पोळ्या तशाच ठेवल्या की चार वाजता भूक लागते आणि मग चिवड्याचा डबा उघडतो.

आता काटा प्रत्यक्ष कामाला लावू. पोळीपासून सुरुवात करणं सोपं. १०० ग्रॅम कणकेला ६० ते ६५ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे मळलेल्या गोळ्यात पीठ साधारण ६० टक्के. ५० ग्रॅमचा उंडा घेतला की पोळीत ३० ग्रॅम पीठ गेलं, म्हणजे साधारण १०० कॅलरी. रोज प्रत्येक उंडा तोलायची गरज नाही. दोन-तीन उंडे एकदा तोलून पाहा. ज्या हाताला पोळ्यांची सवय आहे तो त्यानंतर पाच ग्रॅमच्या आतबाहेर राहतो. बहुतेकांना कळतं ते एवढंच, की आपला ‘लहानसा’ उंडा ६५-७० ग्रॅमचा आहे. घडीची पोळी असेल तर घडीतलं आणि वरून लावलेलं तेल मिळून सहज ४-५ ग्रॅम होतं. एका पोळीमागे हे आणखी ४० कॅलरींचं ओझं. फुलका आणि घडीची पोळी एकाच आकड्यात मोजणारे इथेच चुकतात.

भाकरीबाबत एक गोड गैरसमज आहे, की ती वजन वाढवत नाही. ज्वारीच्या एका बेताच्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं आणि पाणी जवळपास तेवढंच, म्हणून इथे उंड्याच्या वजनाचं निम्मं पीठ धरायचं. हिशेब २०० ते २३० कॅलरींवर जातो, म्हणजे बिनतेलाच्या दोन पोळ्या. तेल लागत नाही हा भाकरीचा खरा फायदा. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या, तर जेवण वाढलंच.

तेल मोजणं हे या काट्याचं सगळ्यात मोलाचं काम, आणि त्याची पद्धत नीट समजून घ्यावी. चमच्यात तेल घेऊन चमचा काट्यावर ठेवू नका. स्वस्त काट्यात दोन-तीन ग्रॅमची चूक गृहीत धरायला हवी. ३०० ग्रॅम भाजीत ती कुठल्या कुठे विरते, पण ५ ग्रॅम तेलात ती अर्ध्यावर जाते. शिवाय काटा शून्याजवळ असताना अगदी हळूहळू भर पडली तर तो ती पचवून टाकतो आणि शून्यच दाखवत राहतो. चिमटी-चिमटीने कूट घालून पाहिलं की हे लगेच दिसतं. म्हणून तेलाची बाटली अख्खी काट्यावर ठेवा, आकडा पाहा, फोडणीला तेल घाला, बाटली परत ठेवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कढईत गेलेलं तेल. ‘टेअर’ दाबून शून्य केलं तर परत ठेवल्यावर उणे आकडा येतो, तोही चालतो. मात्र हे काटे दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि शून्य केलेलं विसरतात. मोहरी तडतडेपर्यंत हा खेळ संपलेला असतो. त्यामुळे शून्य करण्यापेक्षा पहिला आकडा फळीवरच्या कागदावर लिहून ठेवणं बरं.

चार माणसांच्या भाजीत २४ ग्रॅम तेल गेलं तर माणशी ६ ग्रॅम आणि ५४ कॅलरी. बऱ्याच घरी पहिल्या मोजणीत हा आकडा ४०-५० ग्रॅम निघतो, कारण पळीने तेल ओतताना ते कढईत पसरेपर्यंत कमीच वाटतं. काटा नसला तरी महिन्याचा पडताळा घेता येतो. १ लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, पिशवीवर तसं छापलेलंच असतं. दिवसाला माणशी २७ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं, तेही तूप धरून. पाच लिटरचा डबा महिन्यात उडत असेल तर माणशी ३८ ग्रॅम चाललंय, आणि बाहेरचा वडापाव यात नाही.

सगळ्यांसाठी एकत्र स्वयंपाक होतो, मग एकट्याचं कसं मोजायचं, हा प्रश्न हमखास येतो. नेहमीची दोन पातेली आणि कढई रिकामी तोला आणि तो आकडा मार्करने बुडाशी नको, कडीजवळ लिहा. बुडाचा जळून जातो. समजा मटकीची उसळ आहे. कोरडी मटकी १६० ग्रॅम, तेल २४, दाण्याचं कूट ४०. उसळ झाल्यावर भरलेलं पातेलं तोललं आणि रिकाम्याचं वजन वजा केलं, उरले ९०० ग्रॅम. २२५ ग्रॅम डब्यात भरली की तुमच्या वाट्याला ४० ग्रॅम मटकी, ६ ग्रॅम तेल आणि १० ग्रॅम कूट आलं. कांदा-टोमॅटो धरून ही अडीचशे कॅलरींच्या घरातली उसळ, त्यात प्रथिनं ११ ग्रॅमच्या आसपास. मोड आलेली मटकी मोजत असाल तर लक्षात ठेवा, मोड आल्यावर वजन दुपटीच्याही थोडं वर जातं. मोडाची १०० ग्रॅम म्हणजे कोरडी १०० नव्हे, साधारण ४५.

कूट आणि खोबरं हे आपल्या ताटातले छुपे रुस्तम. दाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यामुळे कोशिंबिरीत सढळ हाताने पडलेले दोन मोठे चमचे कूट शंभरीकडे जातं. काकडी बिचारी १५ कॅलरींची. कोकणात आणि गोव्यात वाटणाच्या आमटीला माणशी ३० ग्रॅम ओलं खोबरं जातं तेव्हा तिथेही शंभरच्या पुढे गेलेलं असतं. वाईट यातलं काहीच नाही, पण ‘कोशिंबीर’ आणि ‘आमटी’ म्हणून ते हिशेबातून निसटतं. उपासाचं आणखी एक. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, १० ग्रॅम तूप आणि अर्धा बटाटा असलेली खिचडीची बशी पावणेपाचशेवर जाते आणि प्रथिनं सात ग्रॅमच्या आसपास देते, तीही कुटाची. ‘आज हलकंच खाल्लं’ म्हणायला काट्याची साक्ष मिळत नाही.

सगळं जुळवलेलं दुपारचं जेवण कसं दिसतं? बिनतेलाच्या ३० ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्या, वरची २२५ ग्रॅम उसळ, ५ ग्रॅम तेलातली १५० ग्रॅम दुधी किंवा कोबी, काकडी-गाजर १०० ग्रॅम, आणि ६० ग्रॅम दह्याचं ताक. हे ६०० कॅलरींच्या आसपास जातं आणि डबा भरगच्च दिसतो. दुसरीकडे तेल लावलेल्या तीन घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, दीडशे ग्रॅम भात, पातळ वरण, चमचाभर तूप आणि लोणचं. हे ९००च्या पुढे जातं आणि प्रथिनं तरीही पहिल्यापेक्षा कमीच भरतात. भात हवाच असेल तर एक पोळी काढा आणि ३० ग्रॅम तांदळाचा, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात घ्या. तोंडाला तो दोन-तीन घासच वाटतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

मेसचा किंवा ‘डाएट टिफिन’ म्हणून येणारा डबा काट्यावर ठेवून फारसं हाती लागत नाही. भात, पोळी आणि सॅलडचं वजन कळतं, भाजीतलं तेल कळत नाही. रस्सा पाच मिनिटं तसाच ठेवून वर तवंग किती जाडीचा येतो, हे पाहणं त्याहून उपयोगी. महिन्याचे पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्नही तोच: चार माणसांच्या भाजीला तेल किती ग्रॅम, आणि वरणात माणशी डाळ किती? याचं उत्तर आकड्यात न देणाऱ्याच्या डब्यावर छापलेल्या कॅलरींवर विसंबू नये.

आता यंत्राची कुरकुर. एसएफ-४००चा आकड्यांचा पडदा तबकडीच्या पुढेच असल्याने मोठं ताट किंवा परात ठेवली की आकडा झाकला जातो. खाली एक उपडी वाटी ठेवून वर परात ठेवायची, वाटीसकट शून्य करायचं, काम होतं. ‘मोड’चं बटण चुकून दाबलं गेलं की ग्रॅमऐवजी औंस येतात, पोळी अचानक दोनच भरली तर घाबरू नका, कोपऱ्यातलं एकक पाहा. कुकर किंवा तापलेली कढई थेट ठेवू नका, आतला धातूचा पट्टा तापला की आकडे सरकू लागतात. डुगडुगणाऱ्या लाकडी पाटावर, गादीच्या टेबलक्लॉथवर किंवा ओट्याच्या उतारावरही तो खोटं बोलतो. तबकडीच्या फटीत कणीक जाऊन बसते आणि पाण्याने धुता येत नाही. कोरड्या ब्रशने काढावी लागते.

काटा बरोबर आहे का, हे पाहायला १० रुपयांची १० नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. जड बाजूला तेलाची न फोडलेली १ लिटरची पिशवी ९१०च्या किंचित वर यायला हवी. सेल उतरू लागले की एकच वस्तू दोनदा ठेवल्यावर वेगवेगळे आकडे येतात, तेव्हा काट्याला शिव्या देण्याआधी सेल बदला. आणि हा काटा घरगुती आहे, व्यापारासाठी पडताळणी करून शिक्का मारलेला नाही. त्याच्या भरवशावर भाजीवाल्याशी भांडायला जाऊ नये.

काचेचा, सपाट, स्पर्शाच्या बटणांचा काटा थोडा महाग पडतो. हळद-तेल एका फडक्यात पुसलं जातं, ही त्याची मोठी जमेची बाजू. ओल्या बोटाने बटणं आपोआप दाबली जातात आणि बहुधा नाण्यासारखा सेल लागतो, या दोन उणिवा. पोळ्यांच्या घरात आमची पसंती काचेच्या काट्याला. ५ किलोची क्षमता पुरते. ०.१ ग्रॅम दाखवणारे, सोनाराकडे असतात तसले छोटे काटे मात्र या कामाला नकोत, त्यांची क्षमता बहुधा अर्ध्या किलोची असते आणि पातेलं ठेवलं की ते हात वर करतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण औषधाची मात्रा जेवणाशी बांधलेली असते. खाण्याचा धसका घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हा काटा घेऊच नये. बाकीच्यांनी दोन-तीन आठवडे मनापासून मोजावं. तोवर उंडा, पळी आणि डब्याचा कप्पा हाताशी बसतो. मग महिन्याकाठी एकदा तेलाची बाटली आणि एक उंडा तोलून पाहिला तरी पुरे, कारण हात परत सैल होतो तो आधी तेलात आणि मग कुटात.