‘मिक्स चालत नाही वहिनी’ म्हणाला आणि मिक्सच गळ्यात मारली

कॉम्प्युटरची रॅम (उघडलेलं काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) घ्यायला गेले आणि फसले ते सात हजार शंभर रुपयांना. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी, दुकानात, गल्लीत सगळ्यांनी पहिल्यांदा तोच विचारला आणि ऐकून सगळ्यांनी एकसारखं तोंड केलं. शिवाय माझी स्वतःची धडधाकट ८ जीबीची रॅम गेली ती वेगळीच. तिची किंमत यात धरलेली नाही.

कर्नाटकात निपाणीजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, यात्रेचे बॅनर, मराठी आणि कन्नड दोन्हींत. श्रीलिपी आणि नुडी ही मराठी आणि कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरं एकाच मशीनवर नीट नांदवणारी बाई आहे मी. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘बाईमाणूस, तिला काय कळतंय’ हे वाक्य या प्रकरणात मला फार ठिकाणी ऐकावं लागलं. ज्यांनी ऐकवलं त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या मशीनमध्ये डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, म्हणजे रॅमची कुठली पिढी, हे सांगता येणार नाही.

मशीन आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरचं. मदरबोर्डावर रॅमचे दोन स्लॉट, एकात क्रुशियल ब्रँडची ८ जीबी २६६६ (हा तिचा वेग), दुसरा रिकामा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून ११ टाकलं, आणि तेव्हापासून कोरल, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडले की मशीन बसायला लागलं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांची झुंबड असते. रिकाम्या स्लॉटात आणखी ८ जीबी घालायची, एवढंच काम होतं.

आम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. सीपीयू चादरीत गुंडाळून राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून गेले. दुकान मोठं, गर्दी बरी, काउंटरवरचा माणूस गोड. मी म्हटलं, ‘२६६६ची ८ जीबी एक द्या, डीडीआर-४.’

‘२६६६ आता येतच नाही वहिनी, ३२०० येते. आणि जुन्या-नव्याचं मिक्स चालत नाही. बोर्ड जातो. एक काम करा, जोडी घ्या. तुमची जुनी मी एक्स्चेंजमध्ये घेतो.’

सगळी फसवणूक या पाच वाक्यांत आहे, म्हणून नीट वाचा. मिक्स चालतं. डीडीआर-४ आणि डीडीआर-४ असेल तर बहुतेक वेळा बिनबोभाट चालतं. प्रत्येक रॅमवर एक बारकी चिप असते, तिच्यात त्या रॅमचा वेग आणि टायमिंग लिहिलेलं असतं. बोर्ड दोन्हींचं वाचतो आणि जी हळू असेल तिच्या वेगावर दोघींना चालवतो. ३२०० आणि २६६६ एकत्र लावल्या तर दोन्ही २६६६वर चालतात. माझ्या प्रोसेसरची मर्यादाही २६६६च आहे, म्हणजे माझं काहीच बिघडणार नव्हतं. ८ आणि ४ लावली तरी इंटेलच्या बोर्डावर चालते, फक्त ४ अधिक ४ एवढाच भाग दुहेरी चॅनलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी जास्त वेगानं पळतो, उरलेला एकेरी. कधीकधी दोन कंपन्यांच्या रॅम एकमेकींशी जुळत नाहीत, मशीन चालू होत नाही किंवा अडखळतं, हे खरं. पण तेव्हा दुकानदारानं बदलून द्यायची असते. बोर्ड जळतो ही थाप आहे. डीडीआर-३ची रॅम तर डीडीआर-४च्या स्लॉटात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

यातलं बरंचसं मला तेव्हाही माहीत होतं. पण समोरचा माणूस ‘बोर्ड जातो’ म्हणतो, बोर्ड आपला असतो, सीझन तोंडावर असतो. तुम्ही काय केलं असतं?

त्यात रॅमचे भाव खरंच वाढले होते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅम भडकलीय, आणि डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं क्रुशियल नावानं किरकोळ ग्राहकांना विकणं बंद करणार असं जाहीरच केलं. त्यामुळे जोडीचे ७,८०० सांगितले तेव्हा धक्का बसला नाही. जुनीचे ९०० वजा, राहिले ६,९००. फिटिंगचे २००. एकूण ७,१००. नव्या रॅमच्या भावानं आभाळ गाठलंय, मग माझी चालती ८ जीबी ९०० रुपयांना कशी, असं विचारलं. ‘जुनी ती जुनीच वहिनी, मी भंगारातच टाकणार.’ भंगारात! पुढं वाचा, कुठल्या भंगारात गेली ते.

जोडी आली ती खोक्यात नव्हती, पारदर्शक प्लास्टिकमध्ये. दोन्हींवर लालभडक ॲल्युमिनियमचे पत्रे, दोन्हींवर ‘३२००’ लिहिलेली एकसारखी लेबलं. दिसायला जुळ्या बहिणी. ३२००च्या साध्या रॅमला पत्र्याची काही गरज नसते. तो असतो शोभेला. नाहीतर झाकायला.

आता तो क्षण. रॅम बसवली, मशीन चालू झालं, त्यानं टास्क मॅनेजर (मशीनमध्ये काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, मेमरीवर गेला आणि बोटानं वरचा कोपरा दाखवला, ‘बघा वहिनी, १६ जीबी आली की नाही?’ आली होती. खाली बारीक अक्षरांत वेग लिहिलेला असतो. तिथं २४०० होतं. मी वाचलं. डोळ्यांनी वाचलं, आणि तोंडानं विचारलंसुद्धा, ‘२४०० का दाखवतंय?’

‘तुमच्या प्रोसेसरमुळं. तो ३२०० घेत नाही.’

अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटारड्यापेक्षा वाईट. माझा प्रोसेसर ३२०० घेत नाही, बरोबर. पण तो २६६६ घेतो, आणि सकाळपर्यंत त्याच जागी, त्याच ओळीत २६६६ दिसत होतं. जोडी खरंच ३२००ची असती तर २६६६ दिसायला हवं होतं. २४०० दिसतंय याचा अर्थ दोघींपैकी एक तरी २४०० आहे. इतकं सरळ गणित. ते गणित काउंटरपाशी, मागं तीन माणसं खोळंबलेली असताना, फोनवर गिऱ्हाईक ‘पत्रिका कधी’ म्हणून ओरडत असताना सुटलं नाही. सुटलं ते परतताना, कोगनोळीपाशी. गाडी वळवायची होती. वळवली नाही, कारण ‘दाखवत असेल बाई’ असं वाटलं. रात्री झोपताना अजून ती ओळ डोळ्यांपुढं येते.

बिल मागितलं होतं, बरं का. ‘पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील.’ ७,१००वर अठरा टक्के म्हणजे १,२७८. कुठला छोटा धंदेवाला हे १,२७८ रुपये हसत देतो? मिळाली एक पावती, ‘१६ जीबी रॅम, ७१००’. ना कंपनी, ना सिरियल नंबर. नंतर कळलं, खोकाबंद मालावरची एमआरपी सगळे कर धरून असते, तिच्यावर जीएसटी मागताच येत नाही. म्हणून खोकंच नव्हतं! पाच हजार यूपीआयनं दिले, २,१०० रोख. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव आलं नाही तर पैसे पाठवू नका. तिथंच थांबा.

मग सुरू झालं. कोरल मधूनच बंद. निळी स्क्रीन, मेमरी मॅनेजमेंटची चूक. ऐन गर्दीत एका पत्रिकेची फाइल सेव्ह केली आणि ती परत उघडलीच नाही. वधूपित्यानं दुकानात उभं राहून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. रॅम खराब असली की असंच होतं. ती फक्त बंद पडत नाही, तुमचा डेटा चुकीचा लिहून ठेवते आणि तुम्ही विंडोजला शिव्या देत फॉरमॅट मारत बसता. मीही मारला.

भाचा बेळगावला इंजिनिअरिंगला. सुट्टीला आला आणि सीपीयू-झेड हे मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बसला. ‘आत्ती, या दोन बहिणी नव्हेत, ह्यांची ओळखसुद्धा नाही.’ त्यात एसपीडी नावाचा भाग असतो. स्लॉट निवडायचा की त्या रॅमची खरी कुंडली दिसते. पहिली : सॅमसंग, २४००, २०१७ साली बनलेली. दुसरी : हायनिक्स, २६६६, २०१९ची. वर पत्रे नवे, आत कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला माल. निगरगट्ट लोक ती आतली चिपसुद्धा पुन्हा लिहून घेतात म्हणे. माझ्या दुकानदारानं तेवढीही तसदी घेतली नव्हती. म्हणजे मी बघणारच नाही याची त्याला इतकी खात्री!

(सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर वेग निम्मा दिसतो, १२००, १३३३ असा. घाबरू नका, तो दुप्पट करून वाचायचा. पण दुकानदार हेच सांगून २४००चे २६६६ करायला लागला तर उठा.)

एकेक रॅम वेगळी लावून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ ही रॅमची तपासणी रात्रभर चालवली. हायनिक्स स्वच्छ. सॅमसंगमध्ये लाल ओळींचा पाऊस.

आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. हायनिक्सवाली चांगली २६६६ कुणीतरी माझ्यासारखीच ९०० रुपयांत ‘भंगारात’ दिली असणार. माझी क्रुशियल आता लाल पत्रा चढवून कुणाच्या तरी मशीनमध्ये ३२०० म्हणून बसली असणार. ‘मिक्स चालत नाही’ म्हणायचं, गिऱ्हाइकाची काढून घ्यायची, दोघांच्या काढलेल्या एकत्र बांधून तिसऱ्याला नवी म्हणून विकायची. मिक्स नको म्हणणाऱ्याचा सगळा धंदाच मिक्सचा.

दुकानात गेले तर तोच गोड माणूस मला ओळखेना. मग ओळखलं, मग म्हणाला, ‘तुम्ही पत्र्याचं लेबल उचकटलंय, वॉरंटी गेली.’ कुठली वॉरंटी? कुणाची? माझी जुनी रॅम तरी परत दे म्हटलं. ‘ती गेली की.’

आता सरकारी पायऱ्या. आमच्याकडच्या ठाण्यात गेले. ‘अर्ज कन्नडमध्ये आणा.’ आणला, मीच टाइप केला, माझा तो धंदाच आहे. अर्ज वाचून साहेब म्हणाले, ‘अक्का, दुकान महाराष्ट्रात आहे. अल्ली होगी (तिकडं जा).’ तिकडं गेले. तिथल्या साहेबांनी कन्नड कागद उलटासुलटा केला. ‘हे काय? मराठीत आणा.’ मराठीत नेला. ‘तुमचं आधार कर्नाटकचं आहे. तिकडंच करा की तक्रार. आणि हे दिवाणी मॅटर आहे.’ एकाला माझी भाषा चालत नाही, दुसऱ्याला माझा पत्ता. निवडणुकीत आणि मोर्चात सीमाभागातल्या माणसाबद्दल दोन्हीकडं गळे काढतात. ७,१०० रुपयांचा कागद घेऊन गेलं की दोन्हीकडं परके. आणि परत तेच, ‘मिस्टरांना पाठवा, त्यांना सांगता येईल.’ मिस्टरांना रॅम आणि हार्डडिस्क यांतला फरक माहीत नाही, साहेब.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यानं घ्यायची असते. १ जुलै २०२४पासून लागू आहे. मी हे म्हटल्यावर समोरचा हवालदार हसला. ‘झिरो एफआयआर खून-दरोड्याला असतो.’ असं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं तर जेवायची वेळ झाली. ग्राहकांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर काही दिवसांनी मेसेज आला : विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद दिला नाही की सुटका! मग कोण देईल प्रतिसाद? त्या मेसेजखाली ‘तुमचं समाधान झालं का’ म्हणून तारे द्यायला सांगितले होते.

कर खात्याच्या एका कार्यालयात पावती दाखवली. ‘हे बिलच नाही.’ अहो, हीच तर तक्रार आहे माझी! बिल दिलं नाही म्हणून सांगायला आले, तर बिल आणा म्हणतात.

एका वकीलबाईंनी शेवटी कामाचं सांगितलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडं तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. यूपीआयचा उतारा, कच्ची पावती, सीपीयू-झेडचे फोटो, मेमटेस्टचा निकाल जोडा. हे सगळं ठाण्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

तक्रार भरली आहे. मधल्या काळात निपाणीतूनच एक ८ जीबी घेतली, खोकाबंद, पक्क्या बिलानं, ४,४५० रुपये. ती त्या हायनिक्सच्या शेजारी लावलीय. दोन कंपन्या, दोन वेग, मिक्स. सीझन तिच्यावर काढला, एकदाही निळी स्क्रीन नाही.

जुनी रॅम काउंटरवर ठेवून येऊ नका, दुकानदार ‘एक्स्चेंजमध्ये द्या’ असं कितीही म्हणू दे. दुकानात जाण्याआधी घरीच टास्क मॅनेजरचा फोटो काढून ठेवा, वेगाच्या ओळीसकट. पत्रा चढवलेली सुटी रॅम घेऊ नका.

आणि २०२५च्या दिवाळीनंतर कोल्हापुरात कुणी लाल पत्र्याची ३२००ची जोडी एक्स्चेंजवर घेतली असेल तर आज रात्री सीपीयू-झेड उघडा, दोन्ही स्लॉटच्या एसपीडीचे फोटो काढा आणि इथंच खाली टाका. आयोगासमोर ‘एकाच गिऱ्हाइकाची तक्रार आहे’ असं तो दुकानदार म्हणणार आहे. त्या वेळी माझ्या हातात दुसरे फोटो हवेत.